‘औदुंबर’ : मात्रा, यमक आणि पुनरुक्ती

वृत्त म्हणजे कवितेचा पेहराव, आणि पेहराव बदलला तरी आतील देह तोच राहतो, अशी समजूत आपल्याकडे बरीच रूढ आहे. शाळेत कवितेचा भावार्थ सांगितला जातो, अलंकारांची नावे लिहून घेतली जातात, आणि वृत्ताचे नाव शेवटी कोठेतरी एका ओळीत उरकले जाते. निसर्गकवितेच्या बाबतीत तर हे फारच सोपे पडते. झाडे, झरा, कुरण यांची यादी केली की कविता समजली, असा समज होतो. या समजुतीने एका फार मोठ्या कवितेचे नुकसान केले आहे, असे आम्हांस वाटते. ती कविता म्हणजे बालकवींची ‘औदुंबर’. तिच्यातील आशय शब्दार्थात जेवढा आहे त्याहून अधिक तिच्या मात्रांत, यमकांत आणि पुनरुक्तींत आहे, हे येथे दाखवावयाचे आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील गुडीहत्नूरसारख्या गावी, जेथे मराठी घरातल्या बोलण्यात आणि देवळातल्या भजनात कानाने टिकून राहिली आहे, तेथील वाचकांस हा विचार जवळचा वाटेल, अशी आमची अपेक्षा आहे. त्याचे कारण ओघाने पुढे येईल.

बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातील धरणगावी. १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांस ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या घरचा जिव्हाळा त्यांस लाभला. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांस अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ‘फुलराणी’, ‘श्रावणमास’, ‘निर्झरास’ या त्यांच्या कविता घरोघर ठाऊक आहेत. ‘औदुंबर’ त्या मानाने अगदी लहान, अवघ्या आठ ओळींची आहे. तिच्यात कथा नाही, संवाद नाही, उपदेश नाही. एक झरा, त्याच्या दोन्ही तीरांवरची हिरवळ, पलीकडचे चिमुकले खेडे, शेते, एक पायवाट, एक डोह, आणि डोहाच्या काठी बसलेला वृक्ष. इतकेच. तरीही या आठ ओळींवर मराठी समीक्षकांनी जितका खल केला, तितका शंभर ओळींच्या कवितांवरही क्वचित झाला असेल.

प्रथम मात्रांचा विचार करू. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. मराठी पद्याचे तीन मोठे प्रवाह आहेत. ओवी-अभंगांचा छंद हा अक्षरांच्या संख्येवर चालतो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे येतात, आणि म्हणताना अक्षरांचे लघु-गुरुत्व फारसे उरत नाही. अक्षरगणवृत्तात लघु-गुरूंचा क्रमच बांधलेला असतो. समर्थांच्या मनाच्या श्लोकांतील भुजंगप्रयात हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. तिसरा प्रवाह जातींचा. तेथे अक्षरांची संख्या मोकळी, क्रमही मोकळा, परंतु मात्रांची बेरीज आणि तिची विभागणी पक्की असते. ‘औदुंबर’ ही जातीतील रचना आहे. तिच्या ओळीची विभागणी आठ, आठ, आठ आणि तीन अशी, म्हणजे एकूण सत्तावीस मात्रांची आहे.

आता भजनी ठेका ज्यांच्या हातात आहे त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. हा ठेका आठ मात्रांचा. ‘औदुंबर’ची कोणतीही ओळ त्यावर ठेवली तर पहिली तीन आवर्तने तंतोतंत भरतात. चौथ्या आवर्तनात मात्र तीनच मात्रा पडतात आणि पाच मात्रांची जागा मोकळी राहते. ती जागा एकतर अक्षर लांबवून भरावी, किंवा गप्प राहून ऐकावी. पद्मावर्तनी जातींत शेवटच्या आवर्तनात किती जागा भरली आणि किती मोकळी सोडली, यावर त्या जातीचा स्वभाव ठरतो. ‘श्रावणमास’ची विभागणी आठ, आठ, आठ आणि सहा अशी आहे. तीस मात्रांच्या या हरिभगिनी जातीत विसावा फक्त दोन मात्रांचा मिळतो, म्हणून एक ओळ संपते न संपते तोच दुसरी उसळून येते. श्रावणाचा हर्ष त्या चालीतच आहे. ‘फुलराणी’त आठ आणि आठ अशा सोळा मात्रांची ओळ आहे. तेथे मोकळी जागा मुळीच नाही, आणि लहान मुलीच्या उड्यांप्रमाणे ओळी एकीमागून एक येत राहतात. ‘औदुंबर’ ह्याच कवीची, ह्याच आठ मात्रांच्या पावलांची. परंतु येथे प्रत्येक ओळ भरून वाहते आणि मग एकाएकी ओसरते. पाच मात्रांचे मौन आठ वेळा येते. निःशब्दतेचा उल्लेख कवीस कोठे करावाच लागला नाही, कारण ती प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रत्यक्ष ठेवलेली आहे.

या जातीस माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’त ‘समुदितमदना’ असे नाव आहे. तो ग्रंथ प्रथम १९२७ साली निघाला आणि १९३७ साली वाढून पुन्हा प्रसिद्ध झाला. हे नाव जयदेवाच्या गीतगोविंदातील एका अष्टपदीच्या आरंभीच्या शब्दावरून आलेले आहे. म्हणजे ज्या चालीत बालकवींनी आपला झरा वाहविला, ती चाल बाराव्या शतकापासून देवळांत गाइल्या जाणाऱ्या पदांची आहे. येथे एक भेद मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. जयदेवाच्या पदात प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद परत येते. बालकवींनी चाल घेतली आणि ध्रुवपद वगळले. ‘औदुंबर’मध्ये एकही ओळ परत येत नाही. या वगळण्याचा अर्थ पुढे लागेल.

यमकांकडे वळू. आठ ओळींची यमके दोन-दोनच्या जोड्यांनी जुळतात. परंतु मधल्या दोन जोड्यांचे यमक एकच आहे. म्हणजे पहिल्या दोन ओळी एका नादाच्या, मधल्या चार दुसऱ्या नादाच्या आणि शेवटच्या दोन तिसऱ्या नादाच्या. पहिली जोडी ‘न’ या व्यंजनावर थांबते. मधल्या चारही ओळी ‘डे’, ‘ढे’ अशा मोकळ्या स्वरावर संपतात. शेवटची जोडी ‘र’वर बंद होते. मराठी उच्चारात शेवटचा ‘अ’ आपण सोडून देतो. त्यामुळे आरंभी आणि शेवटी तोंड मिटते व मध्ये उघडे राहते. खेडे, शेते, पायवाट आणि कुरण हे सारे त्या उघड्या भागात येते. दृष्टी जोवर फिरते आहे तोवर नाद खुला आहे. दृष्टी डोहावर स्थिरावताच नाद मिटतो. शिवाय मधल्या ओळी लघूनंतर गुरू येऊन संपतात, म्हणून स्वर लांबवता येतो आणि पुढे जावेसे वाटते. अखेरच्या दोन ओळींत दोन लघूच येतात, आणि उच्चारात त्यांचे एकच बंद अक्षर होते. पाऊल जेथे पडले तेथेच राहते.

मोरोपंतांच्या आर्यांचे संस्कार ज्यांच्या कानावर आहेत, त्यांस येथे एक आक्षेप सुचेल. ‘डे’ आणि ‘ढे’ यांची जुळणी शुद्ध नव्हे. शिवाय ‘कडे’ हा शब्दयोगी मधल्या चार ओळींत दोनदा यमकस्थानी आला आहे, हा कवीचा आळस नव्हे काय? आमचे मत वेगळे आहे. पंडितकवीचे यमक ऐकणाऱ्यास चकित करते, आणि चकित होणारा मनुष्य थांबून टाळी देतो. येथे कोणी थांबावे असे कवीस नको आहे. ‘कडे’ हा शब्द दिशा दाखवितो. पहिल्या वेळी तो टेकडीची दिशा दाखवितो, दुसऱ्या वेळी डोहाची. शब्द तोच, दिशा निराळी. वरची वस्ती आणि खालचे पाणी यांच्यामधला उतार एका साध्या शब्दयोगी अव्ययाने मोजला गेला आहे. असे यमक दिपवीत नाही, ते वाट दाखविते.

याहूनही सूक्ष्म अशी एक गोष्ट मात्रांच्या विभागणीत दडलेली आहे. आठव्या आणि सोळाव्या मात्रेवर ओळ वळते. पहिल्या चार ओळींत ही दोन्ही वळणे शब्दाच्या शेवटी येतात. पाय जसा पायरीवर नेमका पडावा तसा शब्द आवर्तनावर पडतो. शेवटच्या दोन ओळींतही तसेच आहे. केवळ पाचव्या व सहाव्या ओळींत हा नेम मोडतो. पाचव्या ओळीत पहिले वळण पायवाटेच्या रंगाच्या शब्दाच्या पोटातच येते, आणि सहाव्या ओळीत ते कुरण आणि त्याचा शब्दयोगी यांना तोडते. या दोन ओळी कशाच्या आहेत? त्या वाकड्यातिकड्या जाणाऱ्या पायवाटेच्या आहेत. जेथे वाट वाकडी, तेथे चालही वाकडी. वाट डोहाशी पोहोचली की चाल पुन्हा सरळ. बालकवींनी हे बोटांवर मोजून केले असे आम्ही म्हणत नाही. खऱ्या कवीच्या कानास हे आपसूक कळते. परंतु वाचकाने ते मोजून पाहिले, तर त्याचाही कान तयार होतो.

पुनरुक्तीचे काम या कवितेत सर्वांत मोठे आहे. ‘पैल’ हा शब्द दोनदा येतो, एकदा तीरासाठी, एकदा टेकडीसाठी. हिरवा रंग तीनदा येतो: पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीत. काळा रंग दोनदा येतो: सहाव्या आणि सातव्या ओळीत. म्हणजे सहावी ओळ ही बिजागरी आहे. तिच्या आरंभी हिरवा शेवटचा दिसतो आणि तिच्या अखेरीस काळा पहिल्यांदा. पाचव्या ओळीत ‘पायवाट’ आहे आणि आठव्या ओळीत ‘पाय’. वाट माणसांच्या पायांनी पडते, पण कवितेत माणूस एकही नाही. शेवटी जे पाय दिसतात ते वृक्षाचे. क्रियापदांची ओळ लावून पाहिली तरी हेच दिसेल. झरा वाहतो, वाट चालते, सावली पसरते, वृक्ष बसतो. गती पावलागणिक कमी होत जाते. कोणताही शब्द परत येताना जसाच्या तसा येत नाही. एक पायरी खाली उतरून येतो.

वर्णांची पुनरुक्तीही अशीच बोलकी आहे. ‘ळ’ हा मराठी, कोंकणी आणि तेलुगू या तिन्ही भाषांस आपला वाटणारा वर्ण. हिरवळ, झऱ्याचा रंग, मळे, डोह आणि छाया यांच्या ओळींत तो येतो. खेड्याच्या आणि पायवाटेच्या ओळींत, म्हणजे तिसऱ्या व पाचव्या ओळींत, तो मुळीच नाही. सातव्या ओळीत, जेथे वृक्षाची छाया पाण्यावर उतरते, तेथे तो एका ओळीत तीनदा दाटतो. जीभ टाळूकडे वळते आणि आवाज जड होतो. पाण्याची गडद सावली अशी तोंडात उतरते.

देवळात आपण जी पुनरुक्ती ऐकतो तिचा धर्म वेगळा आहे. अभंगाचे पालुपद, आरतीचे ध्रुवपद आणि नामाचा गजर यांत शब्द परत परत येतो, तो मनास एका ठिकाणी ठेवण्यासाठी. कितीही दूर गेलो तरी नाम परत आणते. ‘औदुंबर’मधील पुनरुक्ती परत आणीत नाही, ती पुढे आणि खाली नेते, आणि जेथे नेते तेथे सोडून देते. म्हणून जयदेवाची चाल घेतलेल्या या कवितेत ध्रुवपद नाही. इंग्रज कवी वर्डस्वर्थ याची १८०७ साली प्रसिद्ध झालेली डॅफोडिल फुलांवरील कविता येथे तुलनेस घ्यावी. तिचा आरंभ ‘मी’ने होतो, आणि शेवटच्या कडव्यात कवी घरी पडून त्या फुलांची आठवण काढतो; निसर्ग त्याच्या मनाची ठेव होतो. ‘औदुंबर’मध्ये ‘मी’ मुळीच नाही. पाहणारा कोठे उभा आहे, त्यास काय वाटले, हे कोणी सांगत नाही. पाश्चात्त्य सौंदर्यवादी काव्यापासून बालकवींच्या पिढीने पुष्कळ घेतले, हे खरे. परंतु या आठ ओळींत त्यांनी त्या काव्याचा ‘मी’ही टाकला आणि आपल्या पदरचनेचे ध्रुवपदही टाकले. उरले ते केवळ पाहणे.

आता वादाच्या मुद्द्यास हात घालू. औदुंबर म्हटले की आपल्या वाचकांस दत्तप्रभू आठवणार. कृष्णाकाठचे औदुंबर क्षेत्र, नरसोबाची वाडी, गाणगापूर ही क्षेत्रे आहेतच. आणि आमच्या भागास तर माहूरचे दत्तशिखर जवळचेच. तेव्हा पाण्यात पाय सोडून बसलेला तो अवधूतच, असा अर्थ कोणी केला तर त्यास हसून उडवून लावणे योग्य नव्हे. कवीस ‘उंबर’ हा साधा शब्द उपलब्ध होता. तो चार मात्रांचा, ‘औदुंबर’ सहा मात्रांचा. केवळ मात्रा भरण्यासाठी हा शब्द आला असे म्हणावे, तर दोन मात्रांची भर दुसऱ्या कोणत्याही शब्दाने घालता आली असती. याच झाडास कोंकणीत रुमड म्हणतात, तेलुगूत मेडि म्हणतात. ही त्याची घरगुती नावे. ‘औदुंबर’ हे त्याचे देवळातले नाव. कवीने ते निवडले हे खरे. परंतु कवितेत पादुका नाहीत, पार नाही, भक्त नाही, नाम नाही. त्या शब्दाची पुण्याई कवीने घेतली आणि त्याभोवतीचा उपचार सोडला. या नावाच्या आधी ‘असला’ हे दर्शक विशेषण येते, आणि ते ‘बसला’शी आतल्या आत यमक जुळवून कानात ठसते. असला म्हणजे कसला? याचे उत्तर मागे वळून सात ओळींतच शोधावे लागते. दत्त म्हणून उत्तर देणाऱ्याने शोध लवकर थांबविला, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा पक्ष उदासीनतेचा. कवीचे अकाली मरण डोळ्यांपुढे ठेवून काळ्या डोहात मृत्यूची छाया पाहणारे पुष्कळ आहेत. कवीच्या अखेरच्या कवितांत उदासी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु चरित्रातील एक अपघात आठ ओळींवर लादणे हा न्याय नव्हे. सातव्या ओळीत काळिम्यास कवीने ‘गोड’ हे विशेषण दिले आहे. सबंध कवितेत चवीचा शब्द हा एवढाच, आणि तो अंधारासाठी ठेवला आहे. मात्राही तेच सांगतात. भीतीची चाल अडखळते. येथील चाल मधल्या दोन ओळींत वाकडी होऊन शेवटी पुन्हा समतोल झाली आहे. म्हणून आमच्या मते हा शेवट विषादाचाही नव्हे आणि साक्षात्काराचाही नव्हे. तो विसाव्याचा आहे. मात्र हा विसावा हलका नाही. माणसांची वाट जेथे जाऊन संपते तेथे माणूस नाही, झाड आहे, ही जाणीव त्यात भरलेली आहे. आणि तिचा भार ‘औदुंबर’ या शब्दातील पहिल्या दोन गुरूंनी पेलला आहे.

हा सारा हिशेब गुडीहत्नूरच्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण आता सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले, आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. २ जून २०१४ पासून ते तेलंगणात आहे. आदिलाबादहून निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या गावात ‘गुडी’ या शब्दाने तेलुगू माणसास देऊळ आठवते, तर मराठी माणसास गुढी. अशा दोन भाषांच्या कडेवर राहणाऱ्या घरांत ज्या मुलांची शाळा तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमाची आहे, त्यांस मराठी कविता वाचून दाखविणे कठीण जाते, आणि मग आपण सोपा मार्ग धरतो: अर्थ सांगून मोकळे होतो. ‘औदुंबर’चा अर्थ सांगावयास अर्धे मिनिट पुरते, आणि त्या अर्ध्या मिनिटात कविता नाहीशी होते. झरा, खेडे, झाड ही तर मूल रोज पाहते. त्यांची यादी ऐकून त्यास काय मिळणार? परंतु त्याच मुलाच्या हातात टाळ आहे. आठ मात्रांचे आवर्तन त्यास देवनागरी अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक आहे. त्याच्याकडून ही कविता ठेक्यावर म्हणवून घ्यावी, ओळीच्या शेवटी मोकळ्या राहणाऱ्या पाच मात्रांत त्यास गप्प राहावयास सांगावे, आणि मग विचारावे, की असला म्हणजे कसला?

अर्थ सांगितल्याने भाषा टिकेल असा भरवसा आम्हांस वाटत नाही. अर्थ कोणत्याही भाषेत सांगता येतो. ‘औदुंबर’चा भावार्थ तेलुगूत सांगितला तरी त्यात फारसे उणे पडणार नाही. जे तेलुगूत नेता येत नाही ते म्हणजे मधल्या चार ओळींचा उघडा स्वर, सातव्या ओळीतला ‘ळ’चा जडपणा, आणि ‘पायवाटे’तून निघून ‘पाया’पर्यंत पोहोचलेला शब्द. मराठीपण तेथे आहे, आणि ते कानाने उचलावयाचे आहे. आपल्या देवळांनी हा कान पिढ्यान्‌पिढ्या तयार केला. भजन आटोपल्यावर, टाळ खाली ठेवण्यापूर्वी, या आठ ओळींसाठी तो एकदा उपयोगात आणावा, एवढीच वाचकांस विनंती आहे.